सर्व स्टाफचे आभार, काही शिक्षकांस सूचना

रविवारी संध्याकाळी साडेसात ही कामाची वेळ नव्हे, याबद्दल तुमचं-माझं दुमत नसावं. त्या वेळी निम्म्या वडोदऱ्याची स्वयंपाकघरं बंद असतात. कोणी सेव-उसळीच्या गाडीपाशी पावाची वाट बघत उभा असतो, कोणी आर. सी. दत्त रोडवर मुलांना घेऊन निघालेला असतो. अलकापुरीतल्या आमच्या सोसायटीच्या बाकावर मी कोणाला काहीही त्रास न देता बसलेलो असतो. आणि नेमकं त्याच वेळी आमच्या प्रिन्सिपल सिस्टरांचं साप्ताहिक पत्र येतं.

चहा घ्या. गवती चहा आणि फुदिना घातलाय. प्रकरण लांबचं आहे, तेव्हा थंड होऊ देऊ नका.

मी रुळांपलीकडच्या एका कॅथलिक शाळेत गणित शिकवतो. शाळेचं नाव सांगत नाही, कारण माझा दावा शाळेवर नाही, आणि सिस्टरांवर तर नाहीच. सिस्टर अत्यंत सज्जन आहेत. स्टाफपैकी कोणाकडे दुःखद प्रसंग झाला तर सगळ्यांच्या आधी त्या पोचतात आणि काही न बोलता कोपऱ्यात बसून राहतात. अशा व्यक्तीबद्दल तक्रार करायची म्हणजे पुरावा भक्कम लागतो. तो मी जमवला आहे. माझा दावा आहे तो फक्त सदर पत्राच्या रचनेवर.

पत्र इंग्रजीत असतं, तुमच्या सोयीसाठी मराठीत सांगतो. वर क्रूस, खाली तारीख. मग त्या आठवड्यात ज्यांचा सण येतो त्या संतांची थोडक्यात माहिती. मग प्रोत्साहन. मग आभार. आणि शेवटी ‘स्नेहपूर्ण स्मरण’ या मथळ्याखाली क्रमांकवार सूचना. इथपर्यंत कोणालाच आक्षेप नसावा. आक्षेपार्ह बाब पुढे आहे. आभाराच्या परिच्छेदात दर आठवड्याला ‘सर्व’ असतात: सर्व शिक्षकांनी घेतलेल्या परिश्रमांबद्दल मनःपूर्वक आभार. सूचनांच्या परिच्छेदात मात्र ‘काही’ येतात: काही शिक्षक शेवटच्या तासानंतर वर्गातला पंखा चालू ठेवून जातात, असे निदर्शनास आले आहे.

आता आमची इमारत डोळ्यांपुढे आणा. ऑफिसच्या दारात उभं राहिलं की वरच्या मजल्यावरच्या एकाच वर्गातला पंखा दिसतो. बाकीच्या वर्गांचे पंखे दिवसरात्र फिरत राहिले तरी कोणाच्या निदर्शनास येणं शक्य नाही. जो दिसतो तो जिन्याच्या टोकाचा वर्ग, आणि तो वर्ग माझा. पत्रात बहुवचन वापरलं तरी पंखा एकच आहे. त्याचं बटण सैल आहे. खाली दाबलं की घटकाभर राहतं आणि मग आपल्या मनाने वर येतं. ही बाब मी मेंटेनन्सच्या वहीत तारखेनिशी नोंदवली आहे, खाली माझी सही आहे. त्यावर कार्यवाही झालेली नाही. सूचना मात्र झाली.

सोमवारी सकाळी मी स्टाफरूममध्ये शिरतो तेव्हा तिथलं बोलणं पंख्यावरून हवामानावर गेलेलं असतं. नाव पत्रात नसलं तरी सगळ्यांना पाठ असतं. परवा विज्ञानाच्या बेनने मोठ्या आपुलकीने विचारलं, “साहेब, तमारा क्लासमां बहु गरमी लागे छे?” हे वाक्य सांत्वन म्हणून उच्चारलं गेलं, हे मला समजतं. पण दोषारोप सिद्ध झाल्याशिवाय सांत्वन कसं करता येतं, हे मला कोणी समजावून सांगितलेलं नाही.

म्हणजे कौतुक झालं तर ते सबंध स्टाफवर सारखं वाटलं जातं आणि माझ्या वाट्याला येतो तो त्याचा एक बारीकसा अंश. ठपका मात्र अख्खाच्या अख्खा पोचतो, भागाकार न होता. मी गणिताचा माणूस आहे. या दोन क्रियांना एकच नियम लागू व्हायला हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

वार्षिक समारंभाचं पत्र मी जपून ठेवलं आहे. त्यात परमेश्वराचे आभार होते, पवित्र मातेचे होते, मॅनेजर फादरांचे होते, प्रमुख पाहुण्यांचे होते. इथवर क्रम योग्यच आहे. त्यानंतर मंडपवाल्यांचे आभार, मालकांच्या पूर्ण नावासकट. साउंडवाल्यांचे, त्यांच्या मुलासकट. पाण्याचे जार पुरवणाऱ्याचे. आणि मग ‘पडद्यामागे राबलेल्या सर्वांचे’. त्या संध्याकाळी मी खरोखर पडद्यामागे होतो. पडद्याची दोरी माझ्या हातात होती. पहिलीच्या मुलांच्या कोळीनृत्यात एक टोपली रंगमंचावर राहून गेली तेव्हा पडदा अर्ध्यावर धरून ठेवून ती काढायला वेळ मिळवून दिला तो मी. मंडपवाल्यांनी केलेलं काम चोख होतं, वाद नाही. पण त्यांनी बिल लावलं आहे. बिल चुकतं झाल्यावर त्यांना नावही मिळालं. मी बिल लावू शकत नाही, तेव्हा नाव तरी मिळावं, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येईल का?

पावसाळ्याचा मुद्दा वेगळा घ्यावा लागेल.

अलकापुरीचं गरनाळं तुम्हाला माहीत असेलच. रेल्वेच्या रुळांखालून जाणारा हा रस्ता पहिल्या जोराच्या सरीबरोबर भरतो. मग दोन्ही तोंडांना बॅरिकेड लागतात आणि अलकापुरीतली माणसं अलकापुरीत राहतात. ज्यांना राहता येत नाही ती जेतलपूर ब्रिजवर जातात किंवा प्रियलक्ष्मी मिलच्या गरनाळ्याकडे वळतात, आणि तिथे त्यांना बाकीची सगळी अलकापुरी भेटते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री शहरात शिरली, मगरी वस्तीत आल्या, शाळा बंद राहिल्या. त्याबद्दल मी बोलत नाही. ती आपत्ती होती, तिची नोंद सरकारदरबारी झाली, वर्तमानपत्रांत फोटो आले. माझा मुद्दा साध्या, नोंद न होणाऱ्या पावसाचा आहे. शाळा चालू, गरनाळं बंद, अशा पावसाचा.

अशाच एका आठवड्यानंतर पत्र आलं. ‘पाऊस असूनही वेळेवर हजर राहिलेल्या शिक्षकांचे विशेष कौतुक.’ कौतुकाला पात्र ठरलेल्यांत आमचे संगीताचे सर होते, त्यांचं घर शाळेच्या मागच्या गल्लीत आहे. ते छत्री घेतात, पण ती उघडण्याआधीच फाटक येतं. आणि त्याच पत्रात चौथ्या क्रमांकावर: ‘पावसाळ्यात घरून लवकर निघावे, याचे काही शिक्षकांना स्नेहपूर्ण स्मरण.’ आता बघा. मी लवकर निघालो तर गरनाळ्यापाशी लवकर पोचतो. पाणी तेवढंच असतं. महापालिकेची बाब शिक्षकाच्या निष्ठेच्या खात्यावर मांडली गेली आहे, आणि ती खोडून काढायला कुठेही जागा ठेवलेली नाही.

जागा नाही, हे शब्दशः घ्या. आमच्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येतं. इतरांना खाली चिन्ह उमटवण्याची मुभा आहे. पत्र आल्याच्या मिनिटभरात जोडलेल्या हातांची रांग लागते, तिच्यात पहिला नंबर कोणाचा यावर दोन बेनच्या मैत्रीत अंतर पडलेलं आहे. आक्षेप नोंदवण्यासाठी चिन्ह मी शोधलं. रागावलेला लाल चेहरा मिळाला. तो एका धर्मभगिनीच्या पत्राखाली, क्रूसाच्या आणि संतांच्या चित्राच्या खाली लावणं मला प्रशस्त वाटेना. पत्र उघडायचंच नाही, तर तेही चालत नाही. कोणी वाचलं आणि कोणी नाही हे अ‍ॅडमिनला दिसतं आणि सोमवारी सुपरवायझर मिस तब्येतीची चौकशी करतात.

संतांबद्दल मला आदर आहे, हे कामकाजात नोंदवून घ्या. त्यांची निवड तारखेनुसार होते, असं सिस्टर सांगतात, आणि कॅलेंडर पाहिल्यावर ते बरोबर निघालं. पण १९ मार्चला सेंट जोसेफ येतात. चारही शुभवर्तमानांत या जोसेफांच्या तोंडी एकही वाक्य नाही; त्यांनी जे सांगितलं गेलं ते निमूट केलं. मार्च हा महिना आमच्याकडे वार्षिक परीक्षेचा, बोर्डाच्या सुपरव्हिजनचा, पेपर तपासणीचा आणि निकालपत्रकांचा. त्या आठवड्यात पत्राच्या वरच्या भागात सेंट जोसेफांचं मौन आणि खालच्या भागात निकालपत्रकांची मुदत दोन दिवस अलीकडे आणल्याची सूचना. दोन्हींमध्ये संबंध नाही, असं मला सांगण्यात आलं. ऑगस्टच्या शेवटी सेंट मोनिका येतात. त्यांनी ऑगस्टीनसाठी वर्षानुवर्षं प्रार्थना केली, अश्रू ढाळले. ३८७ साली मिलानला त्याचा बाप्तिस्मा झाला, पुढे तो बिशप झाला. फार मोठी माउली. खाली सूचना: कच्च्या विद्यार्थ्यांचे जादा तास सुटीनंतर घ्यावेत, धीर सोडू नये. नववीत माझ्याकडे ऑगस्टीन पुष्कळ आहेत, आणि मोनिकांना प्रथम सत्राचा निकाल दिवाळीच्या सुटीआधी द्यायचा नव्हता.

हे सगळं मनात साठत गेल्यावर मी ठरवलं, नुसतं कुढत बसायचं नाही, परंपरा काय सांगते ते बघायचं. शाळेच्या ग्रंथालयात धार्मिक पुस्तकांचं कपाट आहे, त्याची किल्ली मागणारा मी बहुधा पहिलाच. आणि सांगतो, त्या कपाटात माझ्या बाजूने जेवढा पुरावा निघाला तेवढा मी वकील लावूनही मिळवला नसता.

सुरुवात डॉन बॉस्कोंपासून करू. १० मे १८८४ रोजी त्यांनी रोमहून तुरीनच्या आपल्या संस्थेला एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात एका स्वप्नाचं वर्णन आहे: मधल्या सुटीत मुलं एकीकडे मरगळून उभी आहेत आणि शिक्षक दुसरीकडे आपापसांत बोलत फिरत आहेत, मुलांमध्ये कोणी मिसळत नाही. वाचताना मला घाम फुटला, कारण रिसेस ड्यूटीची सूचना आमच्या पत्रात कायम असते आणि तिचं मूळ इतकं जुनं असेल अशी कल्पना नव्हती. पण नीट वाचलं तर दिसतं की डॉन बॉस्कोंनी दोष दिला तो सगळ्यांना मिळून. पिंपळाखाली उभ्या असलेल्या एका गणित शिक्षकाकडे त्यांनी बोट दाखवलं नाही.

सेंट जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांना पोप बारावे पायस यांनी १९५० मध्ये शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केलं. चांगल्या शिक्षकाचे त्यांनी बारा गुण सांगितले. त्यांत मौन आहे, संयम आहे, नम्रता आहे, सौम्यता आहे. बारा गुणांची यादी मी दोनदा तपासली. पंखा नाही.

सगळ्यांत महत्त्वाचा पुरावा मात्र आपल्या जवळचा आहे. जुन्या गोव्यात बॉम जेझूसच्या चर्चमध्ये ज्यांचं शव ठेवलं आहे ते फ्रान्सिस झेवियर १५४१ मध्ये लिस्बनहून निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर फ्रान्सिश्कू मान्सिल्हास नावाचा एक साधा, फारसं शिक्षण नसलेला सोबती होता. त्याला तामिळ किनाऱ्यावर, मोती काढणाऱ्या परवांच्या गावांत कामाला ठेवण्यात आलं. १५४४ सालात झेवियरांनी त्याला एकामागून एक पत्रं पाठवली. लोकांशी प्रेमाने वाग. धीर धर. मुलांना प्रार्थना शिकवायला चुकू नकोस. एकाच गावात बसून राहू नकोस, फिरत राहा. प्रोत्साहन आणि सूचना, सूचना आणि प्रोत्साहन, दोन्ही एकाच कागदावर. उन्हात, वाळूत, अनोळखी भाषेत काम करणाऱ्या त्या माणसाच्या हाती पुन्हा एक पत्र पडलं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हे सांगायला माझ्याइतका लायक माणूस अलकापुरीत दुसरा नाही. पुढे मोलुक्का बेटांवर जाण्याचा हुकूम त्याने पाळला नाही, आणि झेवियरांनी त्याला संघातून काढलं. तो भाग मी सिस्टरांसमोर मांडणार नाही.

पण मुद्दा लक्षात घ्या. ती पत्रं मान्सिल्हासला होती. त्याच्या नावाने होती, त्याच्या एकट्याच्या हातात पडत होती. ‘मोत्यांच्या किनाऱ्यावरील काही धर्मसेवकांच्या निदर्शनास’ असा मायना झेवियरांनी घातला नाही. चूक त्याची, तर पत्र त्याला.

आणि हे काही एकट्या झेवियरांचं औदार्य नव्हे, तो या धर्माचा पाया आहे. मत्तयकृत शुभवर्तमान काढा, अध्याय १८, ओवी १५. बंधूचा अपराध झाला तर आधी जाऊन त्याला एकांतात, दोघांतच सांगावं, असा तिथे स्पष्ट आदेश आहे. त्याने ऐकलं नाही तर मग एक-दोघांना सोबत न्यावं, आणि तरीही ऐकलं नाही तर मंडळीपुढे ठेवावं. म्हणजे कार्यपद्धती ठरलेली आहे, टप्पे दिलेले आहेत. आमच्याकडे पहिले दोन टप्पे वगळून थेट मंडळी.

कन्फेशन घ्या. माणूस खिडकीच्या जाळीआड गुडघे टेकून पापाची कबुली देतो. चोरी असेल, त्याहून भयंकर काही असेल. ते ऐकणाऱ्या फादरांनी त्याची कुठेही, कोणत्याही कारणाने वाच्यता करायची नाही. चर्चच्या कायद्यात ९८३ क्रमांकाच्या कलमात ही मनाई लिहिलेली आहे, आणि ती मोडणाऱ्यासाठी चर्चने सगळ्यांत कडक शिक्षा राखून ठेवली आहे. खुनाची गुप्तता पाळणाऱ्या परंपरेत माझ्या पंख्याची गुप्तता पाळली जात नाही. आणि मी तर कबूलही केलेलं नाही.

हे शहरच घ्या. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये सबंध बडोदा संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकाला दंड होई. माझे पणजोबा गायकवाडी नोकरीत होते, त्यामुळे हा विषय आमच्या घरात आदराने निघतो. दंड व्हायचा तो त्या पालकाला, त्याच्या नावावर. भरला की प्रकरण संपलं. ‘काही पालकांस’ अशी दवंडी पिटवून सबंध गावाला एका घराकडे बघायला लावलं नाही. संस्थानी राजवटीत जो न्याय होता तो लोकशाहीत, तेही शिक्षण क्षेत्रात, मागे पडला आहे.

यावर पंचवीस ओळींचा अर्ज लिहिला. भाषा सविनय ठेवली. मागण्या दोन: एक, आभार मानताना वर्षातून एकदा तरी प्रत्येकाचं नाव घ्यावं, मंडपवाल्यांच्या आधी नाही तर निदान नंतर. दोन, सूचना ज्याची असेल त्याला बोलावून द्यावी, तीही दार लोटून. संदर्भ म्हणून मत्तय १८:१५, कलम ९८३ आणि १५४४ चा पत्रव्यवहार दिला. शुक्रवारी मधल्या सुटीत बंद पाकिटात सिस्टरांच्या हातात दिला, पिंपळाखालच्या ड्यूटीवर बदली माणूस ठेवून. त्यांनी तो तिथेच उभ्या उभ्या पूर्ण वाचला. चष्मा काढला. “सर, तुम्ही किती मनापासून लिहिलंय,” म्हणाल्या, “मी यावर प्रार्थना करीन.” मला भरून आलं. खोटं कशाला सांगू, त्या शुक्रवारी मी घरी जाताना जेतलपूर ब्रिजवर कोणालाही हॉर्न दिला नाही.

रविवारी साडेसातला पत्र आलं. संत त्या आठवड्यात कोण होते ते मी वाचलं नाही, सरळ खाली गेलो. आभाराच्या परिच्छेदात लिहिलं होतं: ‘आपली मते मोकळेपणाने मांडणाऱ्या सर्व शिक्षकांचे मनःपूर्वक आभार.’ सूचनांमध्ये सहाव्या क्रमांकावर: ‘काही शिक्षकांनी आपले अर्ज परस्पर न देता ऑफिसमार्फत, आवक क्रमांक घेऊन द्यावेत.’ सातव्या क्रमांकावर पंखा होता.

जोडलेले हात नेहमीपेक्षा जास्त आले. विज्ञानाच्या बेनचे पहिले.

सोमवारी मी आवक क्रमांक घेतला. अर्जाची दुसरी प्रत मॅनेजर फादरांसाठी काढली आहे, सोबत मेंटेनन्सच्या वहीतल्या नोंदीची झेरॉक्स आणि सैल बटणाचा फोटो. फादर बुधवारी अकरा ते बारा भेटतात. साक्षीदार लागेल. तुम्ही सगळं ऐकलंच आहे, तेव्हा तुम्हीच या. पाऊस असला तर प्रियलक्ष्मीकडून नको, जेतलपूरवरून या, आणि दहाला निघा.